फुर्तुना : दैवाचे नाव वादळाला

खवळलेल्या समुद्राला ग्रीक भाषेत मुख्यतः दोन शब्द आहेत. एक घरचा, 'ट्रिकिमिया'. दुसरा पाहुणा, 'फुर्तुना'. घरचा शब्द असताना पाहुणा का आला आणि कायमचा का राहिला, हे आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

'ट्रिकिमिया' म्हणजे तीन लाटा. तिसरी लाट सर्वांत मोठी येते, असा जुना समज होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात सॉक्रेटिस आपल्या तीन धाडसी मतांना लाटा म्हणतो; तत्त्ववेत्त्यांनी राज्य करावे हे मत त्यांतली तिसरी व सर्वांत मोठी लाट.

'फुर्तुना' मात्र लॅटिन 'फोर्तुना'ची लेक. फोर्तुना ही रोमन लोकांची दैवदेवता. तिच्या मूर्तीच्या हाती पुष्कळदा सुकाणू दाखवीत. हे दैव मुळात बरेही असे, वाईटही असे. पुढे मध्ययुगात व्हेनिस आणि जिनोव्हा यांची गलबते भूमध्य समुद्रात हिंडू लागली, तेव्हा दर्यावर्दी लोकांच्या तोंडी या शब्दाला वादळ हा अर्थ चिकटला. क्रीट बेट तेराव्या शतकापासून १६६९ पर्यंत व्हेनिसच्या अमलाखाली होते. अशा दीर्घ सहवासात इटालियन शब्द ग्रीकांच्या बंदरांत उतरले, त्यांतलाच हा एक. तुर्की भाषेतही तो 'फिर्तिना' होऊन नांदतो आहे.

बऱ्यावाईट दैवाचे नाव केवळ वाईटाकडेच का झुकावे? आपल्या मराठीकडे पाहा. 'दशा' म्हणजे नुसती स्थिती. पण 'काय ही दशा!' असे कोणी म्हटले, तर ती चांगली असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. सुखात माणूस स्वतःच्या कर्तबगारीचा हिशेब मांडतो. दैवाची आठवण त्याला संकटात होते.

परंतु या शब्दात केवळ रडगाणे नाही, न्यायही आहे. फ्रेंच सागरी कायद्यात जलप्रवासातील आपत्तींना 'समुद्राचे दैव' अशाच अर्थाची संज्ञा आहे. गलबत बुडाले म्हणजे तांडेल चुकलाच असे नव्हे. सुकाणू नीट धरूनही माणूस बुडू शकतो, ही कबुली तीत आहे.

आजचा ग्रीक मनुष्य संसारातल्या हालअपेष्टांनाही 'फुर्तुना' म्हणतो. त्याच्या भाषेने दोन्ही शब्द जपले, ते आम्हांस योग्यच वाटते. लाटा मोजाव्यात खऱ्या. पण बुडालेल्याला दोष देण्यापूर्वी समुद्र कसा होता, हेही विचारले पाहिजे.