जन्मस्थानाचा रकाना

खानेसुमारीचा कारकून दारांत उभा राहून नांव, वय, धंदा विचारतो आणि मग जन्म कोठला, असा प्रश्न करतो. लालबाग-परळच्या चाळींत या प्रश्नास पूर्वी बहुधा रत्नागिरी नाहींतर सातारा असें उत्तर मिळे. सन १९२१ त मुंबईच्या दर १०० रहिवाशांपैकीं ८४ जण शहराबाहेर जन्मलेले निघाले. त्यांत परमुलखांतून आलेले मूठभरच; परंतु या मूठभरांचें मूळ दर पिढीस पालटत गेलें.

ताडदेवास सन १८५६ त कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली. पुढें परळ-लालबागेकडे गिरण्या वाढल्या, तेव्हां यंत्रें लँकेशायरहून येत आणि त्यांच्यामागून मास्तरही येत. गिरणीचा मास्तर म्हणजे शाळेंतला नव्हे. सूतखात्याचा किंवा विणाईखात्याचा मुख्य. सन १८९५ त गिरण्यांतील वरच्या जागांपैकीं शेंकडा ४० हून अधिक युरोपियनांकडे होत्या. सन १८८७ त स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून येथलीच मुलें तें काम शिकून निघूं लागलीं आणि १९२५ पर्यंत हें प्रमाण ३० च्या खालीं आलें. मालकांत बगदादचे यहुदीही होते. डेव्हिड ससून दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून सन १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. परळची जेकब ससून मिल त्यांच्या नातवाच्या नांवाची.

त्याच सुमारास यझ्द व किरमान येथील जरथुस्त्री जिझिया कर व उपासमार यांस त्रासून येत होते. जिझिया सन १८८२ त उठला, तरी पोटासाठीं येणें थांबलें नाहीं. नाक्यानाक्यावरचें इराण्याचें हॉटेल ही त्यांचीच देणगी. धोबीतलावचें कयानी सन १९०४ चें. पहिल्या पाळीच्या कामगारास चहा-पाव देणारा हा इराणी कोणास परका वाटला नाहीं.

मात्र सर्वांत मोठा फरक घडला तो कोणी सीमा ओलांडल्यामुळें नव्हे, तर सीमाच हलल्यामुळें. सिंध सन १९३६ च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीस जाणें म्हणजे आगबोटींतून आपल्याच इलाख्यांतील दुसऱ्या बंदरास जाणें. तेथें मराठी कुटुंबें नांदत होतीं. शिक्षणखात्यांतील नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नांवाची शाळा कराचींत अद्याप आहे. सन १९४७ त तें बंदर परदेश झालें. निर्वासितांच्या बराकी शीव-कोळीवाड्यास उभ्या राहिल्या, कल्याणच्या छावणीचें उल्हासनगर झालें. १९५१ च्या खानेसुमारींत कराचीचा जन्म पाकिस्तानच्या रकान्यांत पडूं लागला. सिंधी व्यापाऱ्याचा तसाच, परत आलेल्या मराठी कारकुनाचाही.

हा रकाना पुढें ओसरत गेला. कोणी परत गेलें म्हणून नव्हे; तीं माणसें येथेंच म्हातारीं झालीं, आणि त्यांच्या मुलांचा जन्म मुंबईचा.