नाशिकच्या बापूंचे निर्धाव चेंडू

पुणे विद्यापीठ निघाले १९४९ साली. त्याच्या संघातून १९५०-५१ च्या हंगामात रोहिंटन बारिया करंडकासाठी एक डावखुरा पोरगा खेळला. बापू नाडकर्णी, जन्म नाशिकचा, १९३३ चा.

१२ जानेवारी १९६४ ला, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध या बापूंनी लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. गुरुजी, पोरांना गणित घाला : सहा चेंडूंचे षटक, तर सलग निर्धाव षटके किती? २१, वर ५ चेंडू! डावात एकूण ३२ षटके, धावा अवघ्या ५.

बळी मात्र एकही नाही, म्हणून कुणी नाक मुरडतात. इंग्लंडचे काही गडी आजारी होते हेही खरे. पण सरावाला खेळपट्टीवर नाणे ठेवून नेमके त्यावरच चेंडू टाकायचे म्हणे. पाभरीचे तास तरी याहून सरळ निघते का?