गेरूच्या शेजारचे रंग

जालना शहर आज पोलादाच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. तेथील भंगाराच्या ढिगावर पावसाळ्यात जो तांबूस गंज चढतो, त्यास रंग म्हणून कोणी मान देणार नाही. तथापि लोह आणि प्राणवायू यांच्या संयोगातून उपजणारा हा रंग गेरूचा सख्खा भाऊ होय. आणि अशा रंगाशेजारी दुसरा कोणता रंग शोभतो, याचा विचार या प्रदेशात दोन सहस्र वर्षांपूर्वीच झालेला आहे.

जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील रहिवाशांचा उल्लेख येतो, आणि १९७३ साली झालेल्या उत्खननात येथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. त्या काळी दख्खनमध्ये वापरात असलेली काळी-तांबडी भांडी रंगसंगतीचा पहिला धडा देतात. माती एकच, भट्टीत ज्या भागास हवा मिळाली तो तांबडा झाला, ज्यास मिळाली नाही तो काळा. दोन्ही रंग एकाच मातीच्या पोटचे, म्हणून ते एकमेकांस खुपत नाहीत.

भोकरदनच्या उत्तरेस, शेजारच्या जिल्ह्यात, अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे हाच विचार पूर्णत्वास गेलेला दिसतो. चित्रकार भिंतीवर मातीचा गिलावा देत, त्यावर पांढरा पातळ लेप चढवीत, आणि गेरूच्या रेषेने आकृती रेखून मग रंग भरीत. गेरूच्या जोडीस त्यांनी घेतलेली पिवळी माती आणि हिरवी माती ही दोन्ही लोहयुक्तच. हिरवी माती तर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते. उजळपणासाठी पांढरा आणि गडदपणासाठी काजळी, एवढ्या पाच रंगांवर नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे उभी आहेत.

पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या सुमारास, सहावा रंग आला. तो म्हणजे लाजवर्दाचा निळा. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून येई; अर्थातच तो महाग होता. घरच्या पाच रंगांत हा एकच परका, आणि स्वभावाने गेरूच्या अगदी उलट. गेरू उष्ण, तर निळा शीतल. छताच्या नक्षीत हा निळा जेथे तांबड्याशेजारी येतो, तेथे दोन्ही रंग अधिक तेजस्वी भासतात. मात्र चित्राचा संसार गेरूच चालवितो. निळा पाहुण्यासारखा मोजक्याच जागी बसतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. अजिंठ्याचा रंग म्हणजे सर्वत्र पसरलेली तपकिरी छटा, अशी पुष्कळांची समजूत असते, व त्या समजुतीने पडदे आणि वस्त्रे निवडली जातात. परंतु १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून आणविलेल्या तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणार्थ त्यांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू चांगला होता. परंतु रोगण पुढे पिवळटले व काळवंडले. पुरातत्त्व खात्याने नंतर जेथे ते काळजीपूर्वक काढले, तेथे खालचे हिरवे, पांढरे व निळे पुन्हा दिसू लागले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या नसत्या, तर हा भ्रम कदाचित इतका रुजला नसता.

तेव्हा गंजाच्या रंगाशेजारी आणखी तपकिरी रंग मांडणे ही अजिंठ्याची नव्हे, रोगणाची नक्कल होय. अजिंठ्याची रीत निराळी: सोबतीस मातीचे पिवळे व हिरवे, विसाव्यास पांढरा, उठावास काळा, आणि निळा थोडका. ही रीत घरोघरी अर्धीअधिक ठाऊकच आहे. तुळशीवृंदावनास गेरूचा हात देऊन त्यावर रांगोळीची पांढरी रेघ ओढणाऱ्या गृहिणीस, वर हिरवी तुळस असताना, चौथ्या रंगाची उणीव कधी भासलेली नाही.