तीन-पाचची पलटण

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात चार गोष्टी होत्या. कातडी पट्टा, रिबिनी विटलेली तीन पदके, पेन्सिलीने लिहिलेली दोन पोस्टकार्डे आणि वाळवीने खाल्लेला एक इंग्रजी कागद. ही सारी माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची, तात्यांची, मिळकत. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत ते साधे शिपाई होते. इटलीत गेले, ते परत आले नाहीत. एवढे मात्र घरात लहानथोर सर्वांना ठाऊक.

आमचे गाव संगमनेर तालुक्यातले. त्याच तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांचे नाव आपण ऐकलेच असेल. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नावाच्या नदीवर त्यांनी जो पराक्रम केला, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदीचे दोन्ही काठ मातीचे बांध घालून उंच केलेले, त्या बांधांत जर्मन मशिनगना, पुढे सुरुंग पेरलेले. जाधवांच्या बरोबरची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. मग ते पुन्हा पुढे गेले, तीन मशिनगनची ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकीत मागच्या कंपन्यांना बोलावले. तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे. ते जिवंत परतले आणि १९८४ साली वारले.

आता, तालुका एक, पलटण एक, देश एक. तेव्हा आमचे तात्या नामदेव जाधवांच्याच बरोबर होते, सेनिओवर जखमी झाले आणि पुढे इस्पितळात वारले, अशी हकिकत आमच्या घरात रुजली. तारीखही ठरलेली होती: ३ मे. का, तर त्या वाळवी लागलेल्या कागदाच्या माथ्यावर ३/५ असा आकडा स्पष्ट दिसे. माझ्या वडिलांनी तो वाचला, पुढे मीही तसाच वाचला. इटलीतले जर्मन सैन्य २ मे १९४५ रोजी शरण आले. म्हणजे लढाई थांबली आणि दुसऱ्या दिवशी तात्या गेले! एका दिवसाने हुकले, असे म्हणून घरातली माणसे हळहळत. मी मास्तर, गावच्या शाळेत २६ जानेवारीला ही हकिकत मी स्वतः वीसेक वर्षे सांगितली आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई, हेही कबूल करतो.

फक्त एक माणूस ती कधी मान्य करीत नसे. ती म्हणजे तात्यांची बायको, माझी धाकटी आजी. लग्नाला दोन वर्षे झाली नाहीत तोच तिचे कुंकू पुसले. ती म्हणे, "नागपंचमी झाली व्हती, पोळा यायचा व्हता. बाजरीत खुरपत व्हते मी. तवा कागद आला." वडील म्हणत, "अगं, मे महिन्यात गेले ते, कागद जूनमध्ये आला असेल." ती म्हणे, "जूनात बाजरी कुठं खुरपायला येती?" यावर कोणी उत्तर देत नसे. म्हातारीला आता आठवत नाही, असे आम्ही एकमेकांना खुणेने सांगत असू. ती २००१ साली वारली. तिचे पेन्शनचे पुस्तक सरकारजमा झाले आणि तो विषय मिटला.

तो पुन्हा निघाला २०२३ सालच्या जुलैत. इटलीतल्या मोन्तोने या गावी नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे एक स्मारक उभारले गेले, ती बातमी माझ्या नातवाने मला वाचून दाखवली. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन चालली आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे धावून गेले. हातबाँबने गन आणि ती चालवणारा दोघांनाही उडवले, एकाला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, नळकांडे बदलायला वेळ नाही, तेव्हा बंदुकीची नळी धरून दस्त्यानेच उरलेल्या दोघांचा निकाल लावला. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना पाडले. वय वर्षे २२. त्या बातमीत पुढे छापले होते: घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

नातू म्हणाला, "आबा, तीन-पाच! आपल्या कागदावर पण तीन-पाचच आहे ना?"

श्रोतेहो, मी पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. १९२२ साली हिंदी लष्कराची फेरमांडणी झाली, तेव्हा मराठ्यांच्या जुन्या निरनिराळ्या पलटणी एका रेजिमेंटीत गोवल्या गेल्या आणि त्या रेजिमेंटीला ५ हा क्रमांक मिळाला. म्हणून १/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटीची पहिली बटालियन, ३/५ म्हणजे तिसरी. तारीख नव्हे, अपूर्णांकही नव्हे. नामदेव जाधव होते १/५ मध्ये, आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर. तिसरी बटालियन होती दहाव्या डिव्हिजनमध्ये. दोन्ही इटलीतच, परंतु बटालियनी वेगळ्या आणि मोर्चेही वेगळे. याच तिसऱ्या बटालियनने १९४१ च्या मार्चमध्ये आफ्रिकेत एरिट्रियातील केरेनचा डोंगर लढवला होता. तेव्हाचे तिचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड पुढे कैद झाले, इटलीतून निसटले आणि १९४४ मध्ये त्याच दहाव्या डिव्हिजनचे सेनापती झाले. तात्या केरेनला नसावेत. त्यांच्या पदकांत इटली स्टार आहे, आफ्रिका स्टार नाही.

पदकांचे एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळांच्या घरी ती असतात आणि पोरे खेळायला घेतात. पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली सापडते. बटालियनचा आकडा बहुधा नसतो. पण नंबर ही खरी किल्ली. चिंचेने घासून पदक लख्ख करू नये, अक्षरे झिजतात. भिंगाखाली धरून वाचावे आणि वहीत उतरून घ्यावे.

नंबर हाती आल्यावर काम सोपे झाले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी इंटरनेटवर खुली केली आहे. मात्र नावाने शोधू गेलो तर काहीच सापडेना. आमचे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिले. आपले शिपाई सही ठोकणारे किंवा अंगठा उठवणारे, नाव लिहिणारा कारकून परमुलखाचा. त्याच्या कानाला जे लागले ते कागदावर आले. जिल्हा म्हणून 'अहमदनगर' घालावे लागते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुन्या दप्तराला ते कोठून ठाऊक असणार? शेवटी नंबरावरून नोंद मिळाली. ३/५ मराठा, शिपाई, मृत्यू जुलै १९४४.

म्हणजे कागद घरी यायला ऑगस्टचा सुमार. १९४४ साली नागपंचमी जुलैअखेर होऊन गेली होती आणि पोळा ऑगस्टमध्ये यायचा होता. बाजरी खुरपणीला आलेली होती. धाकटी आजी बरोबर होती. अक्षरओळख नसलेल्या बाईने पिकावरून आणि सणावरून वेळ अचूक धरून ठेवली होती आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी एक आकडा चुकीचा वाचून तिला आयुष्यभर खोटे पाडले. तिला हे सांगायला आता ती नाही, याची रुखरुख मला फार वाटते.

आणखी एक घोटाळा येथेच झाला असता. तात्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. चुलतभाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे कॅसिनोच्या लढाईत गेले!" कॅसिनोची लढाई मे १९४४ मध्येच संपली होती. ते स्मारक इटलीच्या सबंध मोहिमेत ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचे आहे. यशवंत घाडग्यांचेही नाव तेथेच आहे. ज्या हिंदू व शीख जवानांचे दहन झाले, त्यांची नावे सांग्रो नदी, फोर्ली अशा ठिकाणच्या दहनस्मारकांवर कोरली आहेत. स्मारक जेथे आहे तेथेच माणूस पडला, असे धरून चालू नये.

गावात ही बातमी सांगितली तेव्हा दोन तट पडले. काहींना राग आला, नामदेव जाधवांचा आणि आमच्या गावाचा धागा तुटला म्हणून. दुसऱ्यांनी लगोलग नवा धागा जोडला: मग तात्या यशवंत घाडग्यांच्या सेक्शनमध्ये होते! मी म्हटले, थांबा. तात्यांची तारीख १० जुलै नाही, त्यानंतरची आहे. ते ज्या दिवशी गेले त्या दिवशी कोणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला नाही. बटालियनच्या युद्धरोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील दप्तरखान्यात असतात. तेथेही अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांची बहुधा संख्याच येते. इतके ठार, इतके जखमी. धर्मपाल यांनी लिहिलेला इटलीच्या मोहिमेचा सरकारी इतिहास १९६० साली निघाला. टायबर खोऱ्यातल्या टेकड्या एकामागून एक कशा घ्याव्या लागल्या, हे त्यावरून कळते. त्यांपैकी कुठल्या तरी टेकडीवर आमचा माणूस राहिला.

एका शिक्षकमित्राने विचारले, "परक्या सरकारसाठी मेलेल्याचा एवढा शोध कशाला?" प्रश्न रास्त आहे. तात्या इटलीत असताना आमच्याच नगरच्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद कैदेत होते. १९४२ च्या ऑगस्टपासून एकाच जिल्ह्याने ही दोन्ही दृश्ये पाहिली. तात्यांना त्याचे काय वाटत होते, हे पोस्टकार्डांत नाही. त्यांत फक्त बैल विकू नका, मनिऑर्डर पोचली का, आणि विहिरीला पाणी किती आहे, एवढेच आहे. सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कार्डात दुसरे येणार तरी काय? मी त्यांना हुतात्मा म्हणत नाही आणि भाडोत्रीही म्हणत नाही. कोरडवाहू सात एकरांत तीन भाऊ होते, धाकटा पलटणीत गेला.

आता २६ जानेवारीला मी नवी हकिकत सांगतो. ती पहिलीइतकी रंगत नाही. मुले मात्र प्रश्न जास्त विचारतात, आणि गेल्या वर्षी तिघाजणांनी घरून पदके आणून दाखवली. त्यांतले एक मेसोपोटेमियाचे, पहिल्या युद्धातले निघाले.

कमिशनच्या नोंदीत तात्यांच्या नावापुढे वडिलांचे नाव आहे, गाव आहे आणि 'अमुक हिचा पती' म्हणून धाकट्या आजीचेही नाव आहे. मात्र कारकुनाने ते असे लिहिले आहे की वाचणाऱ्याला ती बाई की बुवा, हेही कळू नये. ते दुरुस्त करावे म्हणून मी तिच्या नावाचा जुना शिधापत्रिकेवरचा उतारा जोडून अर्ज पाठविला आहे. उत्तर यावयाचे आहे.