निखाऱ्यांवरचे पीच : एका अमेरिकी गोड पदार्थाचा इतिहास

पीच कॉब्लर हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला घरगुती गोड पदार्थ आहे. खोलगट भांड्यात साखर लावलेल्या पीचच्या फोडी पसरायच्या, वर मैद्याच्या मऊ गोळ्याचे जाडसर, ओबडधोबड आच्छादन घालायचे आणि कडेने घट्ट रस उकळून वर येईपर्यंत ते भाजायचे, एवढीच त्याची कृती. फोडींना लिंबाचा रस लावण्याची आणि लिंबाची किंवा संत्र्याची साल किसून घालण्याची रीत आज सर्रास आढळते. दक्षिणेची ओळख मानल्या गेलेल्या या पदार्थातला एकही मुख्य जिन्नस मात्र त्या भूमीतला नाही. पीच चीनमधला, लिंबूवर्गीय फळांचे पूर्वज हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडचे, गहू पश्चिम आशियातला, आणि भाजायचे बिडाचे भांडे युरोपातून आलेले.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात सापडलेल्या प्राचीन कोयींवरून पीचची लागवड तिथे सुमारे 7,500 वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. तिथून हे फळ इराणमार्गे रोमन जगात पोहोचले. भारतातही ते जुनेच आहे. कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून आलेल्या चिनी लोकांनी पीच आणि नासपती पंजाबात आणल्याची हकीकत ह्युएनत्संगाने सातव्या शतकात लिहून ठेवली. अटलांटिक ओलांडून पीच नेला तो स्पॅनिश लोकांनी, सोळाव्या शतकात. 1565 मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन वसले आणि त्या परिसरातून पीचची झाडे उत्तरेकडे पसरू लागली.

ही झाडे पसरवली कोणी, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बराच काळ दुर्लक्षित राहिले. पीच कोयीपासून सहज उगवतो आणि तीन-चार वर्षांत फळ धरतो. मस्कोगी, चेरोकी आणि इतर मूळनिवासी समाजांनी त्याच्या कोयी आपापल्या व्यापारवाटांनी गावोगाव नेल्या. जंगल साफ करणे, माती सांभाळणे, झाडांची छाटणी करणे या गोष्टींत ते आधीपासून तरबेज होते. परिणामी इंग्रज वसाहतवाले आतल्या भागात पोहोचण्याआधीच तिथे पीचच्या बागा उभ्या होत्या. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने 1683 मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रात मूळनिवाश्यांच्या वस्त्यांमधल्या पीचच्या सुकाळाचा उल्लेख केला आहे. अनेक युरोपीय प्रवाशांना तर हे फळ तिथलेच वाटले. या बागा मूळनिवाश्यांच्या अन्नाचा किती मोठा आधार होत्या, हे त्यांच्या शत्रूंना नेमके ठाऊक होते. 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या आदेशावरून जनरल सुलिव्हनच्या फौजेने इरोक्वॉय संघाचा मुलूख जाळला, तेव्हा त्या संघातल्या कयुगा लोकांच्या एकाच गावात पीचची सुमारे 1,500 झाडे तोडली गेली. 1864 मध्ये ॲरिझोनातल्या कॅनियन द शे इथे नवाहो लोकांच्या पीचच्या हजारो झाडांवर लष्कराने कुऱ्हाड चालवली.

फळ असे मुबलक होते. ते भाजायला भट्टी मात्र नव्हती. इंग्लंडहून आलेल्या बायकांना ‘पाय’ (पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि पुडिंग करण्याची सवय होती. ‘पाय’ला पातळ लाटलेली खुसखुशीत पारी लागे आणि विटांची, सारख्या आंचेची भट्टी लागे. सरहद्दीवरच्या लाकडी खोपटात यातले काही नसे. असे ती चूल म्हणजे धुराड्याखालचा उघडा जाळ, आणि त्यावर बिडाचे झाकणाचे भांडे. 1707 मध्ये इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात बीड ओतून भांडी करण्याचे पेटंट घेतले. तशी भांडी पुढे अमेरिकेत घरोघरी गेली आणि डच ओव्हन या नावाने रुळली.

या भांड्याची घडण पाहिली की पदार्थाची घडणही उलगडते. बुडाला तीन आखूड पाय असतात, त्यामुळे खाली निखारे पसरायला जागा मिळते. झाकण सपाट असते आणि त्याच्या कडेला उभी किनार असते, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नाहीत आणि झाकण उचलताना राख आत पडत नाही. फळ भाजताना खाली थोडे आणि वर जास्त निखारे ठेवतात, कारण रस तळाशी लागला तर करपतो आणि पिठाला मात्र वरून चांगली धग हवी असते. मधूनमधून भांडे एका बाजूला आणि झाकण उलट बाजूला थोडे फिरवतात, म्हणजे एकाच जागी आंच बसत नाही. अशा भांड्यात नाजूक पारी टिकत नाही. जाड लाटलेले किंवा चमच्याने गोळे टाकलेले पीठ मात्र खालच्या बाजूने रस पिते आणि वरून खरपूस होते. कॉब्लरचा ओबडधोबडपणा आला तो असा, उघड्या चुलीच्या सोयीतून.

केंटकीच्या लेटिस ब्रायन यांनी 1839 मध्ये छापलेल्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात पीच कॉब्लरची कृती आहे. कोयीला गर चिकटून राहणारे, पूर्ण पिकलेले पीच घ्यावेत, असे त्या सांगतात. हा पाहुण्यांपुढे मांडायचा पदार्थ नव्हे, पण घरच्यांसाठी उत्तम आणि थंड दुधाबरोबर खावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. घरच्या माणसांचा पदार्थ ही त्याची प्रतिष्ठा पुढेही बदलली नाही.

घरच्यांसाठी म्हटले तरी दक्षिणेतल्या सुखवस्तू घरांत रांधणारे हात बहुतेक वेळा गुलाम केलेल्या आफ्रिकी स्त्रियांचे होते. कृती लिहिल्या गेल्या त्या मालकिणींच्या नावाने, कारण गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे 1881 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या ॲबी फिशर यांच्या पुस्तकाचे मोल फार मोठे आहे. फिशर यांचा जन्म दक्षिणेत गुलामीत झाला होता. स्वतःला लिहिता-वाचता येत नसल्याने त्यांनी आपल्या कृती तोंडी सांगितल्या आणि इतरांनी त्या उतरवून घेतल्या. दक्षिणेचे म्हणून नावाजलेले स्वयंपाकघर मुळात कोणाच्या हातांनी घडले, याचा हा छापील पुरावा आहे. विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे स्थलांतरित झाली, तेव्हा कॉब्लरही त्यांच्याबरोबर गेला. चर्चमधली सामुदायिक जेवणे, कुटुंबमेळावे, दुखवट्याच्या घरी पोहोचवायचे डबे अशा प्रसंगी दालचिनी आणि जायफळ घातलेला पीच कॉब्लर आजही असतो.

पिठात बदल झाला तो रसायनामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खाण्याचा सोडा अमेरिकेत पुडीबंद मिळू लागला आणि 1856 मध्ये एबेन हॉर्सफर्ड यांनी बेकिंग पावडरमधल्या आम्ल फॉस्फेटचे पेटंट घेतले. त्यानंतर यीस्टवाचून, फारसे न मळता, लोण्याचे मऊ आणि फुगणारे पीठ पाव घटकेत तयार होऊ लागले. पुढे आणखी सोपी रीत आली: भांड्यात लोणी वितळवायचे, त्यावर मैदा, साखर आणि दुधाचे सरबरीत पीठ ओतायचे आणि वरून फळ सोडायचे. भाजताना पीठ फळाच्या वर चढून येते. यातली खरी रीत कोणती, यावर दक्षिणेत घराघरांत मतभेद आहेत.

जॉर्जिया आणि पीच हे समीकरण मात्र व्यापाराने जुळवले. कोलंबस गावच्या रफाएल मोझेस यांनी 1851 मध्ये पीच टोपल्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवले. 1870 च्या दशकात मार्शलविलच्या सॅम्युअल रम्फ यांनी चिनी वाणाच्या कोयीपासून एल्बर्टा हा वाण काढला आणि त्याला पत्नीचे नाव दिले. पिवळ्या गराचा, कोयीपासून सहज सुटणारा आणि दूरचा प्रवास सोसणारा हा पीच बर्फ भरलेल्या रेल्वेडब्यांतून उत्तरेच्या बाजारात गेला. यादवी युद्धानंतर कापसाने दमलेल्या जमिनीला नवे पीक मिळाले, पण खुडणी, निवड आणि भरणीचे श्रम बहुतांशी तुटपुंज्या मजुरीवरच्या कृष्णवर्णीय कामगारांचेच राहिले. 1924 मध्ये फोर्ट व्हॅली परिसराचा पीच काउंटी हा वेगळा जिल्हा झाला. 1928 मध्ये जॉर्जियाचे उत्पादन सुमारे 80 लाख बुशेलच्या शिखरावर पोहोचले. पीचचे एक बुशेल म्हणजे अंदाजे 22 किलो. पुढे कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांनी जॉर्जियाला मागे टाकले, तरी नाव जॉर्जियाचेच राहिले. फोर्ट व्हॅलीच्या वार्षिक महोत्सवात आजही 11 फूट लांब आणि 5 फूट रुंद कॉब्लर भाजला जातो.

लिंबू या पदार्थात आले ते सर्वांत शेवटी. आंबट संत्र्याची झाडे स्पॅनिश लोकांनी फ्लोरिडात लावली होती, पण लेमन म्हणजे पिवळे, जाड सालीचे लिंबू एकोणिसाव्या शतकात मुख्यतः सिसिलीहून जहाजाने न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्सला येई. आतल्या खेड्यांत ते महाग पडे आणि दुर्मीळही होते. 1894-95 च्या हिवाळ्यात लागोपाठ आलेल्या कडाक्याच्या गारठ्याने फ्लोरिडातल्या बागा उद्ध्वस्त झाल्या. इकडे कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी 1893 मध्ये सहकारी संघ काढला आणि 1908 पासून ‘सनकिस्ट’ या नावाने फळ देशभर विकायला सुरुवात केली. शीतडब्यांच्या रेल्वेमुळे साध्या किराणा दुकानातही लिंबू बारमाही मिळू लागले आणि कॉब्लरच्या कृतीत लिंबूरस ही नेहमीची ओळ झाली.

त्याचे काम केवळ चवीचे नाही. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, लगेच थंड पाण्यात टाकून पीचची साल हाताने सोलली की गरातले विकर हवेतल्या प्राणवायूशी मिळून फोडी काळपट करू लागते. लिंबाचे आम्ल त्या विकराची क्रिया मंदावते. भाजल्यावर पीचचा सुवास दबतो आणि साखर पुढे येते. तिथे आम्ल गोडीला तोल देते आणि सालीतले सुगंधी तेल फळाचा ताजेपणा परत आणते. म्हणून सालीचा फक्त रंगीत थर किसायचा; खालचा पांढरा थर कडवट असतो. पाकातले डबाबंद पीच घरोघरी आल्यावर आणि बाजारात कमी आंबट वाण वाढल्यावर लिंबाची गरज वाढतच गेली. अमेरिकेत 13 एप्रिल हा पीच कॉब्लरचा दिवस मानतात. तेव्हा जॉर्जियातल्या झाडांवर तयार फळ नसते, त्यामुळे त्या दिवशीचा कॉब्लर बहुधा डब्यातल्या किंवा गोठवलेल्या पीचचाच असतो आणि लिंबावाचून तो नुसता गोडमिट्ट लागतो.

पीच आणि लिंबूवर्गीय फळे, दोन्ही आज अडचणीत आहेत. फ्लोरिडात 2005 मध्ये लिंबूवर्गीय झाडांवरचा ‘ग्रीनिंग’ हा जिवाणूजन्य रोग आढळला. 2003-04 मध्ये 24 कोटी पेट्यांच्या आसपास असलेले तिथले संत्र्याचे उत्पादन 2023-24 मध्ये 2 कोटी पेट्यांच्याही खाली गेले. पीचच्या झाडाला मोहरण्याआधी थंडीचे ठरावीक तास मिळावे लागतात. जॉर्जियातल्या अनेक वाणांना 7 अंश सेल्सियसच्या खाली 650 ते 850 तास लागतात. 2023 मध्ये हिवाळा उबदार गेला, झाडे लवकर फुलली आणि मग उशिराचे गारठे पडले. त्या हंगामात जॉर्जियातले 90 टक्क्यांहून अधिक पीक गेले. कमी थंडीत फळ धरणारे वाण निवडण्याचे काम आता तिथल्या विद्यापीठांत आणि संशोधन केंद्रांत चालू आहे.