खोल समुद्राचा मासा आणि प्राणहितेचे खोरे

१/
२००२ साली जपानमध्ये ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘पोकेमॉन सफायर’ हे दोन खेळ बाजारात आले. त्यांतील ३६९ क्रमांकाचा प्राणी म्हणजे रेलिकँथ. खेळातील नोंदीनुसार तो खोल समुद्राच्या शोधमोहिमेत सापडला, पाण्याचा प्रचंड दाब तो सहज सोसतो, त्याचे खवले खडकासारखे कठीण आहेत आणि दहा कोटी वर्षांत त्याचे रूप तसूभरही बदललेले नाही.

या प्राण्याचा एक खराखुरा नातलग गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या खोऱ्यातील चुनखडकात सापडला आहे. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. रेलिकँथविषयी खेळ जे दोन मुख्य दावे करतो, त्या दोन्हींना हा नातलग छेद देतो.

२/
रेलिकँथ ज्याच्यावर बेतला आहे तो मासा म्हणजे सीलाकँथ. स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी याने १८३० च्या दशकात जीवाश्मांवरून त्याचे नाव ठेवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पोकळ काटा’. त्याचे पर मांसल आणि देठावर उभे असल्यासारखे असतात, आणि शेपटीला मध्यभागी एक तिसरा, लहान तुरा असतो. या गटाचे सर्वांत जुने जीवाश्म चाळीस कोटी वर्षांहून जुने आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांनंतर मात्र तो दिसेनासा होतो. डायनासोरांबरोबर तोही संपला, असे शंभर वर्षे सर्वांनी गृहीत धरले होते.

३/
२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात ‘नेरीन’ नावाची मासेमारी बोट परतली. कप्तान हेंड्रिक गूसेन याने नेहमीप्रमाणे स्थानिक संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना निरोप धाडला. माशांच्या ढिगाऱ्यात त्यांना निळसर रंगाचा, सुमारे दीड मीटर लांबीचा, सत्तावन्न किलोंचा एक मासा दिसला. तो काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण तो टाकून देण्याजोगा नाही एवढे त्यांनी ओळखले. टॅक्सीचालक नाखूश असतानाही त्यांनी तो टॅक्सीत घालून नेला. दक्षिण गोलार्धातला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, आणि एवढा मोठा मासा ठेवण्यासाठी शीतगृह मिळेना. अखेर पेंढा भरून त्याचे बाह्यरूप तेवढे वाचवता आले, अंतर्भाग वाया गेला.

त्यांनी रेखाटन करून जे. एल. बी. स्मिथ या मत्स्यशास्त्रज्ञाला पाठवले. १९३९ मध्ये स्मिथने त्याचे नाव ठेवले लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द लॅटिमरबाईंवरून, दुसरा चालुम्ना नदीवरून, कारण मासा त्या नदीच्या मुखासमोरील समुद्रात सापडला होता. (‘पोकेमॉन एमरल्ड’ या पुढील खेळात रेलिकँथची जात शोधकर्त्याच्या नावाने ओळखली जाते असे म्हटले आहे, ते बहुधा यावरूनच.)

४/
दुसरा मासा मिळायला १४ वर्षे गेली. डिसेंबर १९५२ मध्ये तो कोमोरो बेटांवर मिळाला. तो आणण्यासाठी पंतप्रधान डी. एफ. मलान यांनी स्मिथला लष्करी विमान दिले. हे तेच मलान, ज्यांचे सरकार त्याच वर्षांत वर्णभेदाचे कायदे एकामागून एक रचत होते.

जगाच्या दृष्टीने हा मासा सहा कोटी वर्षांनी ‘परत आला’ होता. कोमोरोच्या कोळ्यांना मात्र तो आधीपासून माहीत होता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत आणि तो खाण्यास बरा नाही म्हणून त्याची फारशी किंमत करत नसत. शोध लागला तो विद्यापीठांना.

५/
तेव्हापासून सीलाकँथला ‘जिवंत जीवाश्म’ ही पदवी चिकटली. हा शब्दप्रयोग डार्विनचा, १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मधला. रेलिकँथची संपूर्ण कल्पना या एका पदवीवर उभी आहे: खोल, अंधारी, एकाकी जागा आणि तेथे काळ थांबल्यासारखा जगणारा जीव.

प्राणहितेच्या खोऱ्यातील पुरावा या चित्राशी जुळत नाही. तो हाती कसा आला, ही गोष्ट मात्र कोळशापासून सुरू होते.

६/
वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता दक्षिणेकडे वाहत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तिच्या डाव्या काठी कोटा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख निजामाच्या ताब्यात होता. १८६० मध्ये निजामाने तो ब्रिटिशांना दिला, पुढे तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ मध्ये नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला.

१८४१ मध्ये डॉ. वॉकर यांनी कोटा येथे आढळलेल्या कोळशावर एक टिपण बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या काळी कंपनी सरकारला कोळशाची किती आस होती हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर डॉ. टी. एल. बेल यांनी कोटा येथे जमिनीत छिद्रे पाडून खालचे थर तपासले. हाती लागले ते मासे.

७/
१८५१ मध्ये कर्नल साइक्स यांनी लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीपुढे यांपैकी एक मासा मांडला. हे तेच विल्यम हेन्री साइक्स, ज्यांनी मुंबई इलाख्यात दख्खनची आकडेवारी गोळा केली आणि येथील पक्षी-माशांची वर्णने लिहिली. जीवाश्माचे वर्णन फिलिप एजर्टन यांनी केले आणि त्याला लेपिडोटस डेक्कनेन्सिस हे नाव दिले. साइक्स यांच्या लेखाच्या शीर्षकात हा मासा ‘दख्खनच्या पठारावरचा’ आहे. सिरोंचा पठारावर नाही, नदीच्या सखल खोऱ्यात आहे. पण लंडनहून पाहताना एवढा फरक कोणाला जाणवणार!

१८५२ मध्ये बेल यांचा कोट्याच्या भूरचनेवरील लेख आला आणि सोबत तेथल्या मगरवर्गीय प्राण्याच्या अवशेषांवर रिचर्ड ओवेन यांची टीप. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. म्हणजे दहा-बारा वर्षांत प्राणहितेकाठचे एक लहानसे गाव युरोपातील मोठ्या जीवाश्मतज्ज्ञांच्या टेबलावर पोहोचले होते.

मोठा कोळसा कोट्याला कधीच मिळाला नाही. तो उत्तरेकडे, वर्धा खोऱ्यात निघाला. वरोरा, बल्लारपूर, घुग्गुस ही नावे आज त्यामुळेच सर्वांना ठाऊक आहेत. ते कोळशाचे थर कोट्याच्या थरांहून नऊ-दहा कोटी वर्षांनी जुने आहेत.

८/
यानंतरचा मोठा टप्पा स्वातंत्र्योत्तर आहे. १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावले. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कशाला, असा प्रश्न आजही पडावा. पण महालनोबिसांना त्यात विसंगती दिसली नाही, आणि भारतीय पृष्ठवंशी जीवाश्मशास्त्राची एक अख्खी पिढी तेथे घडली. याच पिढीने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून बारापासॉरस टागोरी हा महाकाय डायनासोर उकरून काढला. ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय, आणि ‘टागोरी’ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे स्मरण.

या पिढीतील सोहनलाल जैन यांनी मात्र आपले लक्ष माशांवर केंद्रित केले. १९७४ मध्ये त्यांनी कोटा थरांतील एका नव्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले: इंडोसीलाकँथस रोबस्टस. भारतात सापडलेला हा पहिला जीवाश्म सीलाकँथ.

९/
वय सुमारे १८ कोटी वर्षे, जुरासिक कालखंड. रेलिकँथच्या ‘दहा कोटी वर्षां’पेक्षा कितीतरी आधीचा.

महत्त्वाचे आहे ते त्याचे घर. कोट्याचा पातळ थरांचा चुनखडक बहुतेक अभ्यासकांच्या मते गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचला. समुद्राचे पाणी अधूनमधून आत शिरत असावे असेही काहींनी सुचवले आहे. पण खोल समुद्र तेथे होता, असे कोणीही म्हणत नाही. त्याच थरांत टेट्रागोनोलेपिस आणि पॅराडॅपेडियम हे जाड खवल्यांचे मासे आहेत, उडणारा सरीसृप आहे, आणि उंदराएवढ्या आदिम सस्तन प्राण्यांचे दातही आहेत. तळे, त्याच्या काठची झाडी, झाडीत वावरणारे जीव, असे हे जग होते. त्या वेळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचा भाग होते.

१०/
कोट्याचा मासा याबाबत एकटा नाही. आफ्रिका आणि ब्राझीलमध्ये मॉसोनिया नावाचा कित्येक मीटर लांबीचा सीलाकँथ नद्यांत आणि तळ्यांत वावरत होता. कॅनडात रिबेलाट्रिक्स नावाचा, शेपटी दुभंगलेला आणि वेगाने पोहणारा सीलाकँथ सापडला आहे. उथळ समुद्र, खाड्या, नद्या, तळी: या कुळाने सर्वत्र संसार केला. त्यांपैकी जी शाखा खोल पाण्यात गेली, तेवढी आज उरली आहे. खोल समुद्र हे या कुळाचे मूळ गाव नव्हे. सारे आप्त संपल्यावर जेथे शेवटचे घर उरले, ती ही जागा.

‘तसूभरही बदल नाही’ हेही खरे नाही. लॅटिमेरिया या प्रजातीचा एकही जीवाश्म आजवर मिळालेला नाही. आजचा मासा प्राचीन माशांचा वंशबंधू आहे, त्यांची हुबेहूब प्रत नाही. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा प्रथिने घडवणारी जनुके संथपणे बदलली आहेत असे दिसले. संथपणे, हा शब्द महत्त्वाचा. थांबलेला बदल आणि मंद बदल यांत मोठे अंतर आहे.

११/
ही चूक माशापुरती असती तर ती खेळाची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण ज्या काळात कोट्याचे मासे लंडनला गेले, त्याच काळात हीच कल्पना या खोऱ्यातील माणसांनाही लावली गेली.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप याचे ठळक उदाहरण आहेत. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या आसपासचे थर आणि जीवाश्म अभ्यासले, आणि त्यांचे ते काम आजही आदराने वाचले जाते. हिस्लॉप यांनी गोंडांच्या चालीरीती आणि कथाही टिपल्या. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले, आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी छापले. त्या शतकाच्या सवयीप्रमाणे खडकातला मासा आणि जंगलातला माणूस हे दोघेही ‘आरंभीच्या काळाचे अवशेष’ या एकाच रकान्यात जात. १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी येथील खडकांना ‘गोंडवन’ हे नाव दिले, पुढे एदुआर्द झ्यूस यांनी ते सबंध प्राचीन भूखंडाला लावले. गोंडांचे नाव जगाच्या नकाशावर गेले, पण माणसे येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच्या नकाशावर.

१२/
प्रत्यक्षात गोंडांचा इतिहास थांबलेला कधीच नव्हता. चांद्याला गोंड राजांची राजधानी होती. तिचा परकोट आणि वेशी आजही चंद्रपूर शहरात उभ्या आहेत. अठराव्या शतकात ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. बेल आणि साइक्स यांच्या लेखांनंतर सहा-सात वर्षांतच, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी याच मुलखात ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. प्राणहितेकाठच्या तार खात्याच्या तळावर हल्ला झाला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अवशेष म्हणून नोंदलेली माणसे तारेच्या खांबाचा अर्थ पुरेपूर ओळखून होती.

तरीही शब्द चिवट असतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिघांची नोंद ‘आदिम जमाती’ अशी झाली. २००६ मध्ये केंद्र सरकारने इंग्रजीतील ‘आदिम’ या अर्थाचे विशेषण काढून ‘विशेष असुरक्षित’ या अर्थाचे घातले. मराठी शासकीय कागदांत ‘आदिम’ अजून टिकून आहे.

१३/
कोटा थरांतील इतर प्राण्यांना या मुलखाची नावे मिळाली. कोटासॉरस आणि कोटाथेरियम यांत गाव आहे, इंडोथेरियम प्राणहिताई या चिमुकल्या सस्तन प्राण्याच्या नावात नदी आहे. सीलाकँथच्या वाट्याला गाव किंवा नदी आली नाही, केवळ ‘इंडो’ आले, आणि ‘रोबस्टस’, म्हणजे धट्टाकट्टा. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे, कोटासॉरसचा हैदराबादला. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केले आहे. तेथे दगड झालेली झाडांची खोडे जमिनीत पडली होती त्याच जागी पाहता येतात, आणि ती पाहायला सिरोंच्याच्या मुलाला हैदराबाद किंवा कोलकात्याची गाडी पकडावी लागत नाही.