अकरा दिवसांची उमेदवारी

आमच्या वस्तीत दर 14 एप्रिलला विहाराच्या भिंतीला एक बोर्ड लागतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. लहानपणी तो बोर्ड मी पाढ्यासारखा पाठ केला होता. मास्तरांनी विचारलं की खडाखडा म्हणून दाखवायचो. पण एका पदवीनंतर स्वल्पविराम येतो आणि मग दुसरी पदवी येते. त्या स्वल्पविरामात माणसाचं काय झालं, ते बोर्ड सांगत नाही. मला ते कळलं फार उशिरा. स्वतः लंडनला शिकायला गेलो आणि खिसा रिकामा झाला, तेव्हा.

माझी शिष्यवृत्ती सरकारी. कागदावर भरभक्कम. पण पहिला हप्ता यायला चार महिने लागले. घरमालकीण दर शुक्रवारी दार वाजवायची. मी ग्रंथालयात बसून राहायचो, कारण तिथे ऊब फुकट होती. अशा एका संध्याकाळी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा काढलं, आणि या वेळी पदव्या सोडून फक्त पैशाचा आणि तारखांचा हिशेब मांडत गेलो. मित्रांनो, तो हिशेब तुमच्यापुढे ठेवतो.

1913 च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जूनच्या 4 तारखेला बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. बावीस वर्षांचा पोरगा, बाप नुकताच गेलेला, घरी रमाई, मागे भलंमोठं कुटुंब, आणि पुढच्या तेरा वर्षांवर सही. आपण भाषणात म्हणतो, 'महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं.' खरं आहे. सयाजीरावांचं ऋण नाकारणारा कृतघ्न. पण ते दान नव्हतं, करार होता. हे विसरलो की पुढचं काहीच कळत नाही.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आधी हार्टली हॉल, तिथलं जेवण मानवलं नाही, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना नावाचा पारशी सोबती मिळाला. हे नाव ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तीन वर्षांत त्यांनी काय काय घेतलं बघा: अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, वर फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख. सेलिग्मन अर्थशास्त्राला, ड्युई तत्त्वज्ञानाला. आपल्यातले काही जण याला 'अलौकिक बुद्धिमत्ता' म्हणून हात जोडतात. मला यात मुदत दिसते. घड्याळ चालू होतं. पुन्हा हे दार उघडेल याची खात्री नसलेला माणूस ताटात येईल ते सगळं वाढून घेतो. भुकेलेल्या घरातून आलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

1915 मध्ये एम.ए. झालं. 9 मे 1916 ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात त्यांनी मुद्दा धरला तो जातीतच लग्न करण्याच्या रिवाजाचा: जात टिकते ती बायकांवर घातलेल्या बंधनांतून; सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही तिची हत्यारं. आपल्या गावापासून हजारो मैलांवर, जिथे कुणी सावली टाळत नव्हतं, तिथे बसून त्यांनी जात टेबलावर ठेवली आणि चिरून पाहिली. लांब गेल्याचा हा एक फायदा.

इथे एक आडवळण घेतो. अमेरिकेतला काळा विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा 1892 ते 1894 बर्लिनला शिकत होता. स्लेटर फंडाचे पैसे होते, अर्धे मदत म्हणून, अर्धे कर्ज म्हणून. जर्मनीत त्याला गोऱ्या माणसांबरोबर एका टेबलावर जेवता आलं. डॉक्टरेटसाठी थोडा आणखी काळ हवा होता. त्याने मुदतवाढ मागितली, फंडाने नाकारली. बर्लिनची पदवी न घेता तो त्याच अमेरिकेत परतला, जिथे त्याला त्याचा रंग पुन्हा दाखवला गेला. 1895 मध्ये हार्वर्डने त्याला पीएच.डी. दिली. 1946 साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसला पत्र लिहिलं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघांची गाठ त्या कागदावर पडली. पण त्याच्या कितीतरी आधी दोघांचाही अभ्यास एकाच कात्रीने कापला होता.

आता परत आपल्या हिशेबाकडे. 1916 च्या उत्तरार्धात बाबासाहेब लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, नोव्हेंबरमध्ये ग्रेज इन. म्हणजे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी एकदम. आणि 1917 मध्ये बडोद्याचा निरोप आला: शिष्यवृत्ती संपली, या. दोन्ही अभ्यास अर्धे टाकून उठावं लागलं. विद्यापीठाने एवढं केलं की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत येऊन पुरं करण्याची परवानगी दिली.

महायुद्ध चालू होतं. पुस्तकं आणि सामान एका बोटीने, स्वतः दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात पोट मारून घेतलेली पुस्तकं गेली. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई दिली, सहाशे रुपये. बडोद्याला जायचं तिकीट त्याच पैशातून निघालं. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशावर हा माणूस नोकरीला निघाला!

आता ज्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: उमेदवारी. शिकून झालं की हाताखाली काम शिकायचं. चरित्रकार सांगतात, बाबासाहेब बडोद्याला लष्करी चिटणीस झाले. पण त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाने 1990 साली पुस्तिकेत आल्या. त्यात ते म्हणतात, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत मला उमेदवार म्हणून नेमलं होतं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. कोलंबियाचा विद्यार्थी, आणि उमेदवारी कुठे? तर आपल्याच देशात.

ती कशी झाली? ते लिहितात, परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. बडोद्याच्या स्टेशनवर ती परत आली: जायचं कुठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. पारशी धर्मशाळेत गेले, तर ती फक्त पारश्यांसाठी. रोज दीड रुपया ठरला आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. वरच्या मजल्यावर एकटेच, उजेडाला एक मिणमिणता कंदील. सकाळी दहाला कचेरी, परत यायला रात्रीचे आठ. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर.

दोन मित्र होते गावात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू राहिलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारतो. ती मूळची ब्राह्मण घरातली. काय ते कळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास कामाठी बागेत. संपली उमेदवारी.

दहा वर्षांचा करार होता ना? संस्थान राहायला एक खोली देऊ शकलं नाही. महाराजांची नियत साफ होती, मला शंका नाही. पण राजाचा हुकूम धर्मशाळेच्या जिन्यापर्यंत पोचत नाही. धोरण आणि खोली यांच्यामध्ये समाज उभा असतो, काठी घेऊन.

मीही लंडनला उमेदवारी केली. भाडेकरूंना कायद्याचा सल्ला देणारी एक कचेरी, आठ आठवडे, पगार नाही, फक्त बसचं भाडं. तिथे माझी जात कुणाला ठाऊक नव्हती आणि काम मात्र खरं होतं. माझ्याबरोबरची पोरं बापाच्या पैशावर फुकट राबत होती. मी रात्री एका हॉटेलात भांडी घासून राबलो. जात विचारली ती एकदाच, तीही एका आपल्याकडच्याच माणसाने. 'आडनावावरून कळत नाही हो, मूळचे कुठले?' परत आल्यावर भाड्याने खोली शोधताना हाच प्रश्न मला महिनाभरात सहा घरांत विचारला गेला. बोर्डावरच्या स्वल्पविरामाचा अर्थ त्या सहा दारांनी शिकवला.

बाबासाहेबांनी तो करार तिथेच सोडला, अभ्यास मात्र सोडला नाही. 1918 च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली. शाहू महाराजांनी मदत दिली. आणि पाच हजार रुपयांचं कर्ज दिलं नवल भथेनाने. पारशी! काठ्या घेऊन जिना चढले तेही पारशी, आणि लंडनचा रस्ता उघडला तोही पारशी. जातीवर, धर्मावर सरसकट शिक्का मारणाऱ्या आपल्यातल्या गरम डोक्यांनी हे जरा वाचावं. मीही त्यातलाच होतो.

1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले, चार वर्षांची मुदत संपायला साधारण एक वर्ष उरलं असताना. 1921 ला एम.एस्सी., 1922 ला बॅरिस्टर, 1923 ला डी.एस्सी. आणि कोलंबियाची पीएच.डी.? प्रबंध 1916 चा, तो छापून यायला 1925 उजाडलं, पदवी 1927 ला. अकरा वर्षं! तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला सयाजीरावांना. बडोद्याच्या त्या अकरा दिवसांनंतरही.

यंदा बोर्ड रंगवायच्या वेळी मी मंडळाच्या पोरांना एक कागद दिला. त्यावर साडेअकरा पौंड होते, सहाशे रुपये होते, पाच हजारांचं कर्ज होतं, बडोद्याचे अकरा दिवस होते. रंगवणारा पोरगा बराच वेळ कागद बघत राहिला.

'दादा, एवढं मावत नाही.'

मी म्हटलं, मग पदव्या जरा बारीक अक्षरात काढ.